उतारवयातले मौन: विरक्ती, विषाद की स्मृतिभ्रंश?

सत्तरी ओलांडलेला नवरा किंवा बायको बोलेनाशी झाली, बाजारहाट सुटला, नातवंडांच्या गोंगाटातही नजर भिंतीवर खिळून राहू लागली, की मराठी घरात या बदलासाठी तीन स्पष्टीकरणे तयार असतात. भाविक म्हणतात, संसारातून मन उठले, चांगलेच झाले. व्यवहारी म्हणतात, कशाची तरी हाय खाल्ली. बाकीचे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय मिटवतात. पहिले स्पष्टीकरण विरक्तीचे, दुसरे नैराश्याचे, तिसरे स्मृतिभ्रंशाचे. वरवर पाहता तिन्हींचे रूप एकच असते: बोलणे कमी, खाणे कमी, हिंडणे कमी, आणि विचारलेल्या प्रश्नाला उशिरा मिळणारे अर्धवट उत्तर. परिणाम मात्र अगदी वेगळे. विरक्तीला औषध लागत नाही. नैराश्य उपचारांनी पुष्कळदा हटते किंवा निदान आटोक्यात येते. अल्झायमरसारख्या आजारातला स्मृतिभ्रंश वाढत जातो आणि तिथे बरे करण्यापेक्षा सांभाळण्यालाच महत्त्व येते. नाव चुकले तर बरा होणारा आजार वय म्हणून सोडून दिला जातो, किंवा न बऱ्या होणाऱ्या आजाराला हट्टीपणा समजून माणूस रोज बोलणी खातो.

निदान डॉक्टरने करायचे असते. पण डॉक्टरकडे न्यायचे की नाही हे जोडीदार ठरवतो, आणि तो निर्णय बहुधा धर्मकल्पनांवर उभा असतो: म्हातारपण कसे असावे, कोणते सोडणे शोभते, दुसऱ्याच्या मनातले आपल्याला कितपत कळते. त्यामुळे हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच तत्त्वज्ञानाचाही आहे.

हिंदू परंपरेत उतारवयातल्या माघारीला मान आहे. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पिकले, नातवंड पाहिले की गृहस्थाने वनाची वाट धरावी आणि पत्नीला मुलांकडे सोपवावे किंवा बरोबर न्यावे, असे मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो. प्रत्यक्षात किती जण वनात गेले हा निराळा मुद्दा; कल्पना मात्र घरोघर मुरली. निवृत्त माणूस खुर्चीतून उठेनासा झाला तरी त्याच्याकडे थोड्या आदरानेच पाहिले जाते, ते त्यामुळे. अडचण अशी की या माघारीचे परंपरेनेच दिलेले नमुने नीट वाचले, तर ते त्या खुर्चीशी जुळत नाहीत.

बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्य घर सोडायला निघतो तो प्रसंग यातला सगळ्यात स्पष्ट नमुना. तो पत्नी मैत्रेयीला आधी सांगतो. तिच्यात आणि दुसरी पत्नी कात्यायनी हिच्यात मालमत्तेची वाटणी करून द्यायची तयारी दाखवतो. धनाने भरलेली सारी पृथ्वी मिळाली तरी त्याने अमरत्व येईल का, असे मैत्रेयी उलट विचारते तेव्हा तो तिला बसवून घेतो आणि सविस्तर उत्तर देतो. पतीवरचे प्रेम पतीखातर नसून आत्म्याखातर असते, हा प्रसिद्ध विचार याच बोलण्यात आला आहे. उपदेशाइतकाच प्रसंगही महत्त्वाचा. सोडून जाणारा माणूस इथे पूर्ण जागा आहे, कारण सांगतो आहे, मागे राहणाऱ्यांची सोय लावतो आहे. मैत्रेयीला त्याच्या मौनाचा अर्थ लावत बसावे लागत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहामुळे नियत कर्म सोडणे हा तामस त्याग, शरीराला कष्ट होतात म्हणून सोडणे हा राजस, आणि कर्म करत राहून आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. त्याच अध्यायात धृतीचेही प्रकार येतात, आणि झोप, भय, शोक व विषाद यांना धरून बसणारी धृती तामस गणली जाते. म्हणजे नुसते काहीच न करणे हे परंपरेच्या लेखी वैराग्य नव्हते. अर्थात यातून लगेच 'तामस' म्हणून खडसावण्याचा अधिकार मिळत नाही. गुणांची भाषा वर्णनासाठी आहे. आजारी माणसावर ती शिवीसारखी फेकली जाते तेव्हा ती वापरणाऱ्याचाच गुण दाखवते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातले जरेचे वर्णन अंगावर काटा आणणारे आहे, पण तेही अंगात बळ असलेल्या माणसासाठी आहे: हातपाय धड आहेत तोवरच पुढे काय येणार ते त्याने पाहून ठेवावे. वैराग्य हे बळ असतानाचे काम. बळ संपल्यामुळे हातून निसटलेल्या गोष्टींना ते नाव देता येत नाही.

योगवासिष्ठाचा आरंभ तर या प्रश्नाच्या अगदी जवळ जातो. तीर्थयात्रेहून परतलेला तरुण राम खातपीत नाही, नित्यकर्मात लक्ष घालत नाही, वाळत चालला आहे, आणि सेवक ही हकिकत दशरथाला सांगतात. विश्वामित्र रामाला सभेत बोलावून घेतात. राम बोलू लागतो, आणि त्याचे बोलणे इतके सुसंगत, इतके शोधक निघते की ऋषींना त्यात विवेक दिसतो. निष्कर्ष त्याला बोलते केल्यावर निघाला, त्याच्या कोमेजलेल्या चेहऱ्यावरून नव्हे. आणि विवेक दिसला म्हणून कुणी त्याला तसाच सोडूनही दिले नाही. वैराग्य हे सहा प्रकरणांपैकी पहिलेच प्रकरण आहे. दशरथाची बापाची काळजी वेडगळ होती असे हा ग्रंथ कुठेही म्हणत नाही.

ही सावधगिरी एकाच धर्मापुरती नाही. सोळाव्या शतकातला स्पॅनिश साधू जॉन ऑफ द क्रॉस याने आत्म्याच्या 'काळोख्या रात्री'विषयी लिहिताना हाच प्रश्न घेतला: साधकाला आलेला कोरडेपणा ईश्वराकडून आहे की विषण्ण प्रकृतीतून? त्याच्या मते खऱ्या कोरडेपणात गोडी कशातच उरत नाही, पण आपण ईश्वरापासून ढळतो आहोत की काय ही तळमळ जिवंत राहते. निव्वळ विषण्णतेत ती तळमळही नसते. दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हेही त्याने मान्य केले. चारशे वर्षांनंतरच्या मनोविकारतज्ज्ञांनाही याहून फार वेगळे म्हणता आलेले नाही.

या सगळ्या साक्षींवरून घरातल्या मौनाला लावता येईल अशी कसोटी मिळते. विरक्त माणूस कमी बोलला तरी विचारल्यावर उत्तर देतो, आणि ते उत्तर प्रश्नाला धरून असते. त्याची ओढ कमी झालेली असते, ओळख नाही. तो स्वतःला नालायक म्हणत नाही. दुसऱ्याच्या दुखण्याकडे त्याचे लक्ष असते, बहुधा पूर्वीपेक्षा जास्त. झोप लागते. ज्या मौनात यातले काहीच नाही, त्याला विरक्ती म्हणणे ही श्रद्धेचीच फसवणूक ठरते. मग उरतात दोन शक्यता, आणि त्यांच्यातला फरक जास्त बारीक आहे.

नैराश्याने ग्रासलेल्या वृद्धाची स्मरणशक्ती खरोखर ढासळल्यासारखी दिसते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लेस्ली किलो यांनी 1961 साली अशा रुग्णांवर 'स्यूडोडिमेन्शिया', म्हणजे आभासी स्मृतिभ्रंश, या नावाने निबंध लिहिला. 1979 साली अमेरिकेत चार्ल्स वेल्स यांनी तो आणि खरा स्मृतिभ्रंश यांच्यातल्या फरकाच्या खुणा मांडल्या. 'आभासी' हे विशेषण थोडे अन्यायाचे आहे. विसर खोटा नसतो. मन दुःखात गुंतल्यामुळे समोरची गोष्ट आत नोंदलीच जात नाही, आणि जे नोंदलेलेच नाही ते आठवणार कुठून? अल्झायमरमध्ये मात्र मेंदूतली नोंद करणारी यंत्रणाच हळूहळू झिजते.

सुरुवात कधी झाली, हा पहिला प्रश्न. नैराश्याच्या बाबतीत जोडीदार बहुधा महिना सांगू शकतो: धाकट्या भावाच्या तेराव्यानंतर, डोळ्याचे ऑपरेशन झाल्यापासून, मुलगा पुण्याला गेल्यापासून. बिघाड आठवड्यांत किंवा काही महिन्यांत होतो. तरुणपणी असाच एखादा काळ येऊन गेलेला असतो, फक्त तेव्हा कुणी त्याला आजार म्हटलेले नसते. स्मृतिभ्रंशाचा आरंभ सांगता येत नाही. 'दोनेक वर्षं झाली असतील' असे म्हणता म्हणता त्याआधीची चुकलेली बिले आणि दोनदा भरलेला हप्ता आठवू लागतो.

तक्रार कोण करतो, हा दुसरा. खिन्न माणूस स्वतःच सांगतो की माझे डोके चालत नाही, मला काही आठवत नाही; तपासताना 'माहीत नाही' म्हणून प्रयत्न सोडतो. स्मृतिभ्रंश झालेला माणूस विसर झाकतो. काल रात्री काय जेवलात असे विचारले तर हसून 'नेहमीचंच, वरणभात' असे कुठेही बसेल असे उत्तर देतो, आणि पुष्कळदा मान वळवून जोडीदाराकडे पाहतो. ही मान वळवण्याची लकब इतकी वारंवार दिसते की तज्ज्ञ तिला एक खूणच मानतात. इशारा दिल्यावर काय होते तेही पाहावे. 'पिवळी, वाटीत होती' एवढे म्हटल्यावर खिन्न माणसाला कढी आठवते. अल्झायमरमध्ये इशाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण नोंदच नसते. ओळखीच्या गल्लीत वाट चुकणे, फोडणीचा क्रम उलटापालटा होणे, साधा शब्द न सापडून 'ते आपलं हे' म्हणत राहणे, या खुणा नैराश्यात सहसा नसतात. दिवसाची वेळही काही सांगते: खिन्नता बहुधा पहाटे लवकर जाग आणते आणि सकाळी गडद असते, स्मृतिभ्रंशातला गोंधळ दिवेलागणीला वाढतो.

मराठी घरात एक परीक्षा रोज आपसूक होत असते आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. ती म्हणजे देवपूजा. पन्नास वर्षे रोज म्हटलेला हरिपाठ किंवा अथर्वशीर्ष स्मृतीच्या अशा थरात असते की स्मृतिभ्रंश बराच पुढे गेल्यावरही ते घडाघडा म्हणता येते. त्यामुळे 'यांना सगळं पाठ आहे, विसरतील कसे' हा युक्तिवाद टिकत नाही. पण तोच माणूस पूजा आटोपून तासाभराने पुन्हा सोवळे नेसतो, कारण पूजा झाली ही आजची गोष्ट टिकलेली नसते. किंवा निरांजन लावतो आणि पुढे काय करायचे ते सुचत नाही. खिन्न माणसाला क्रम ठाऊक असतो. तो पूजेला बसतच नाही, आणि विचारले तर म्हणतो, माझ्या हातून केलेले देवाला काय पोचणार? पहिल्याचा कृतीचा धागा तुटलेला आहे. दुसऱ्याचा आपल्या योग्यतेवरचा विश्वास गेला आहे. हे काही प्रमाणित वैद्यकीय साधन नव्हे, पण डॉक्टरला सांगण्याजोगी ही हकिकत 'हल्ली विसरतात' या मोघम वाक्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

यांपैकी काहीही ठरवण्याआधी तिसऱ्याच कारणांची चाळणी लागते. थायरॉइड मंदावणे, शाकाहारी घरांत सहज होणारी बी-12 ची कमतरता, पडल्यावर मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त, झोपेच्या किंवा लघवीच्या त्रासावरच्या काही गोळ्या, न ऐकू येणारे कान, हे सगळे खिन्नतेचा किंवा विसराचा देखावा उभा करू शकतात. बदल दोन दिवसांत झाला असेल, शुद्ध कमीजास्त होत असेल, तर ते दोन्हींपैकी काही नसून लघवीतला जंतुसंसर्ग किंवा रक्तातले घटलेले सोडियम यांमुळे झालेला तात्कालिक भ्रम असू शकतो. तिथे चिंतनाला वेळ नसतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

एवढे करूनही सीमारेषा स्वच्छ निघेल असे नाही. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या व्हाइटहॉल-2 या अभ्यासात 2017 साली असे दिसले की ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांच्यात निदानाच्या सुमारे दहा वर्षे आधीपासून नैराश्याची लक्षणे वाढत गेली होती. म्हणजे उतारवयात पहिल्यांदाच आलेली खिन्नता ही कधीकधी स्मृतिभ्रंशाचीच चाहूल असते. दोन्ही एकत्र असले तर उपचाराचे गणितही बदलते. अल्झायमरच्या रुग्णांतल्या नैराश्यावर सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन ही नेहमीची औषधे प्लासिबोपेक्षा सरस ठरत नाहीत, असे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत 2011 साली आढळले. शिवाय स्मृतिभ्रंशात औदासीन्य येते, त्यात दुःखच नसते. माणूस रडत नाही, कुढत नाही, फक्त काही सुरूच करत नाही. विरक्तीची खरी जुळी बहीण हीच, आणि भाविक घर सगळ्यात जास्त फसते ते इथे. व्यवहारात म्हणूनच पुष्कळदा आधी नैराश्यावर उपचार करतात, काही महिन्यांनी स्मरणाची परीक्षा पुन्हा घेतात, आणि मग काय उरले ते पाहतात.

भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 साली प्रसिद्ध झालेला राष्ट्रीय पाहणीवरचा अंदाज आहे. यांतल्या बहुतेकांचा पहिला परीक्षक जोडीदारच असतो. त्याला दुसऱ्याचे मन कळते कसे? सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने 'संतानांतरसिद्धी' हा छोटा ग्रंथ याच प्रश्नावर लिहिला. आपल्या हालचालींआधी आपला हेतू असतो हे आपण अनुभवतो. आपण न केलेल्या पण तशाच हालचाली समोर दिसल्या की त्यांमागेही हेतू असणार, असे अनुमान करतो. पुढे रत्नकीर्ती या बौद्ध तार्किकाने या युक्तिवादावर कठोर टीका केली. वृद्ध दांपत्याच्या संदर्भात धर्मकीर्तीचा मार्ग शिकवण देतो ती अशी: दुसऱ्याचे मन प्रत्यक्ष दिसत नाही, त्याचे अनुमान होते, आणि अनुमान स्वतःच्या अनुभवाच्या मापाने केलेले असते. ज्याने स्वतः कधी नैराश्य भोगले नाही तो ते आळस समजतो. ज्याला स्वतःच्या विसराची धास्ती आहे तो जोडीदाराच्या विसरावर पांघरूण घालतो.

सहवासाने हे अनुमान पक्के होते, तसेच आंधळेही. दीर्घ संसारात स्मृती दोघांत वाटलेली असते. नातेवाइकांचे वाढदिवस तिच्याकडे, विम्याचे हप्ते त्याच्याकडे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी 1980च्या दशकात अशा सामायिक स्मरणाचा सिद्धांत मांडला. एकाचा वाटा गळू लागला की दुसरा नकळत तो उचलतो, वाक्ये पुरी करतो, नावे सुचवतो, आणि बिघाड घरातल्या कुणाच्याच लक्षात येत नाही. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी महिनाभर गेली की मग शेजाऱ्यांना कळते. याउलट, अल्झायमरच्या आजाराची जी पहिली नोंदलेली रुग्ण, त्या फ्रँकफुर्टच्या ऑगस्टे डेटर यांच्या बाबतीत पहिला बदल नवऱ्याच्याच वाट्याला आला: आधी दिसला तो विसर नव्हता, नवऱ्याविषयीचा संशय होता. पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या या बाईंना 1901 साली इस्पितळात दाखल केले गेले. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत अशा अर्थाचे त्यांचे उद्गार अलॉइस अल्झायमर यांनी टिपून ठेवले. 1906 साली त्या वारल्यावर त्यांच्या मेंदूच्या तपासणीतून या आजाराचे वर्णन झाले. आजही कित्येक घरांत म्हातारपणी अचानक उफाळलेला संशय चारित्र्याचा प्रश्न म्हणून भांडणात संपतो. तो मेंदूचा प्रश्न असू शकतो हे सुचत नाही.

ऑगस्टे डेटर यांच्या उद्गारात एक जुना वाद दडला आहे. स्मृती गेली तर माणूस उरतो का? न्यायदर्शनाने आत्म्याच्या अस्तित्वाला स्मृतीचीच साक्ष काढली: डोळ्यांनी पाहिलेली वस्तू पुढे स्पर्शाने ओळखता येते, तेव्हा दोन्ही अनुभवांचा धनी एकच असला पाहिजे. बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधू याने उलट विचारले की धनी कशाला हवा, क्षणांची कार्यकारण साखळी पुरेशी आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने व्यक्तीची ओळखच स्वतःच्या भूतकाळाच्या जाणिवेवर ठेवली, आणि तसे पाहता स्मृतिभ्रंशात व्यक्तीच संपत जाते असे म्हणावे लागते. सांख्य आणि वेदान्त यांचा मार्ग निराळा आहे. बुद्धी, मन, स्मृती हा सगळा प्रकृतीचा पसारा. तो ढासळला तरी पाहणारा ढासळत नाही. न्यायमतातही स्मृती हा आत्म्याचा गुण आहे. गुण प्रकट होईनासा झाला म्हणून द्रव्य नष्ट झाले असे ठरत नाही. नाव विसरलेल्या बायकोपाशी बसणाऱ्या नवऱ्याला या मतांत आधार सापडतो. पण नैराश्याला हीच औषधमात्रा लावली तर घात होतो. मी म्हणजे हे मन नव्हे, असे खिन्न माणसाला सांगणे म्हणजे त्याच्या वेदनेला दाद न देणे. तत्त्वज्ञान खरे असूनही अस्थानी असू शकते.

फरक ओळखण्याची सगळ्यात कठीण कसोटी लागते ती अन्न नाकारण्यापाशी. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला अन्न आणि औषध घेणे थांबवून देह ठेवला. दिगंबर आचार्य शांतिसागर यांनी 1955 साली कुंथलगिरीला सल्लेखना, म्हणजे अन्न क्रमाक्रमाने सोडून देह ठेवण्याचे जैन व्रत, घेतली. महाराष्ट्रातल्या श्रद्धाळू मनात हे आदर्श आहेत. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये सल्लेखनेला आत्महत्येसमान ठरवले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कायद्याचा वाद बाजूला ठेवला तरी जैन शास्त्राने स्वतः घातलेली अट पाहण्यासारखी आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत. जगण्याची इच्छा हा त्यांतला एक, आणि मरणाची इच्छा हा दुसरा. ताट सारून 'आता सुटका झाली तर बरं' म्हणणारा आजोबा या निकषावर व्रतस्थ ठरत नाही. सुटकेची ओढ, आपण ओझे झालो ही भावना, ही नैराश्याची ओळखीची लक्षणे आहेत, आणि वृद्धांच्या बाबतीत ती बोलणी म्हातारपणाची म्हणून सोडून देणे धोक्याचे असते. स्मृतिभ्रंशातला माणूस ताट सारतो तेव्हा तर कोणतीच इच्छा असेलच असे नाही. जेवलो की नाही हे त्याला आठवत नसते, किंवा समोरचे अन्न आहे हेच उमगलेले नसते.

एकदा फरक कळला की सत्याचे कर्तव्यही बदलते. आईला जाऊन तीस वर्षे झालेली, आणि बायको रोज संध्याकाळी आई कधी येणार म्हणून विचारते. प्रत्येक वेळी खरे सांगितले तर प्रत्येक वेळी तिला आईच्या मरणाची बातमी नव्याने ऐकावी लागते. योगसूत्रांवरील व्यासभाष्य सत्याची व्याख्या करताना म्हणते की प्राण्यांचा घात करणारे वचन सत्यासारखे दिसले तरी ते सत्य नव्हे. महाभारताच्या कर्णपर्वात खरे बोलण्याचा अभिमान धरून लुटारूंना लपलेल्या माणसांची वाट दाखवणाऱ्या कौशिकाची कथा कृष्ण याच अर्थाने सांगतो. अशा वेळी आईविषयी बोलते करणे, तिच्या हातच्या पुरणपोळीची आठवण काढणे हा खोटेपणा ठरत नाही. गंभीर नैराश्यात मात्र, आपले पैसे बुडाले, आपण पापी आहोत, अशा कल्पना पक्क्या होऊन बसतात, आणि तिथे होकार भरणे घातक असते. वाद घालूनही त्या जात नाहीत; पण जोडीदाराने आपले मत शांतपणे वेगळे ठेवणे आणि उपचार सोडू न देणे आवश्यक असते. म्हणजे स्मृतिभ्रंशात दुरुस्ती करणे क्रूर, तर नैराश्यात होकार भरणे क्रूर.

राहतो तो माणसाच्या स्वतःच्या इच्छेचा प्रश्न. 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार आणि भावस्थितीबरोबर स्मृतीतला गंभीर बिघाडही येतो. प्रौढ व्यक्तीला आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधी लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या काळात माणूस असा कागद समजून उमजून करू शकतो. तारीख विसरणाऱ्यालाही आपल्याला काय हवे, काय नको हे बराच काळ नेमके सांगता येते. नैराश्याच्या भरात केलेला कागद बाहेरून तितकाच सुसूत्र दिसतो, अक्षरही नीट असते, पण त्यातले 'माझ्यावर काही करू नका' हे वाक्य आजाराचे असू शकते आणि उपचारानंतर तोच माणूस ते खोडतो. म्हणून असा कागद करण्याआधी मनःस्थितीची तपासणी व्हावी, आणि खिन्नता आढळली तर ती उतरेपर्यंत कागद थांबवावा. स्मृतिभ्रंशात याच्या उलट, तो लवकर करावा लागतो.